फेडरल रजिस्टर: फुकट, रटाळ आणि माझ्या पोटापाण्याचं

भोसरीच्या साहेबांचा फोन संध्याकाळी सव्वासहानंतरच येतो. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की सव्वासातनंतर. ही वेळ मीच त्यांच्या डोक्यात भरवली आहे. वॉशिंग्टनला सकाळचे पावणेनऊ वाजले की येत्या अंकांतले कागद अमेरिकी सरकारच्या राजपत्राच्या, म्हणजे फेडरल रजिस्टरच्या, साइटवर ‘पब्लिक इन्स्पेक्शन’ या पानावर उघडे होतात, आणि तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते. साहेब ‘हॅलो’ म्हणत नाहीत. गळ टाकून बसलेल्या माणसाला विचारावं तसं विचारतात, “ताई, लागलं का काही?”

बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं. तरीही गेली नऊ वर्षं मी ही साइट रोज उघडते आहे. मिक्सर, गाद्या, मिसळ, सगळ्यांचे परीक्षण लोक लिहितात. आपण जे रोज वापरतो त्याबद्दलही चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

माझी बाजू आधी सांगते. चिंचवडच्या एका कारखान्यात तांत्रिक ग्रंथालय होतं, तिथे मी एकवीस वर्षं ग्रंथपाल होते. मानकं, पेटंटं, जर्नलं, ड्रॉइंगच्या फायली. मग ‘सगळं ऑनलाइन आहे’ असं कुणीतरी वर सांगितलं आणि ग्रंथालयाच्या जागी कॅफेटेरिया आला. तेव्हापासून निगडीला घरी बसून छोट्या कारखानदारांना माहिती काढून देते. भोसरीचे साहेब त्यांतले पहिले. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटसाठी ते एंड ऑफ लाइन टेस्टर बनवतात. म्हणजे युनिट लाइनवरून उतरलं की डब्यात जाण्याआधी हा टेस्टर त्याची परीक्षा घेतो. आत पीएक्सआय जातीची, म्हणजे मोजमापाची इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात, आणि ती कार्डं कुणाची घ्यायची, पाच वर्षांनी ती मिळतील का, ही साहेबांची कायमची चिंता.

या चिंतेचा आणि अमेरिकी सरकारच्या राजपत्राचा संबंध काय? मलाही सुरुवातीला कळला नव्हता.

फेडरल रजिस्टर म्हणजे अमेरिकेचं केंद्र सरकारचं राजपत्र. पहिला अंक १४ मार्च १९३६चा. ते सुरू होण्यामागे एक फजिती आहे आणि ती मला फार आवडते. १९३५मध्ये तेलाच्या एका खटल्यात सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तेव्हा उघड झालं की ज्या नियमाचा भंग केला म्हणून लोकांवर खटले भरले, तो परिच्छेद आधीच्याच एका सरकारी आदेशात चुकून गळाला होता. नियमच नव्हता! खुद्द सरकारलाही त्याचा पत्ता नव्हता, कारण सगळे आदेश एका ठिकाणी छापून येतच नव्हते. त्याच वर्षी कायदा झाला आणि राजपत्र सुरू झालं. आता शनिवार, रविवार आणि त्यांच्या सरकारी सुट्ट्या सोडून रोज निघतं. आज दिसते ती साइट २०१०ची. सॅन फ्रान्सिस्कोच्या तिघा प्रोग्रामरांनी एका स्पर्धेसाठी सरकारी कागद वाचायला सोपी अशी साइट बनवली होती, बक्षीस दुसरं मिळालं, आणि सरकारने त्यांनाच बोलावून घेतलं. आपल्याकडे असं झालं असतं तर पहिल्या बक्षीसवाल्याने उपोषण केलं असतं.

पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, कॅप्चात रस्त्यावरचे सिग्नल ओळखावे लागत नाहीत. शोध घालायचा, तोच शोध ईमेलला जोडून ठेवायचा, की त्या विषयाचं काही छापून आलं की पत्र येतं. मी जो शोध जोडून ठेवला आहे त्याचं नाव लांबलचक आहे: नॅशनल कोऑपरेटिव्ह रिसर्च अँड प्रॉडक्शन अ‍ॅक्ट, १९९३. न्याय खात्याचा अँटीट्रस्ट विभाग, म्हणजे कंपन्यांच्या संगनमतावर नजर ठेवणारा, या कायद्याखाली नोटिसा छापतो. पीएक्सआय कार्डवाल्या कंपन्यांचा संघही यांतच येतो. मी या नोटिसांची गिऱ्हाईक, म्हणून परीक्षण खरं तर त्यांचंच आहे.

गावाकडे जमीन असलेल्यांना ही नोटीस एका शब्दात समजेल: फेरफार. सातबाऱ्यावर नाव चढलं, उतरलं, वारस लागले, की तलाठी फेरफाराची नोटीस काढतो, चावडीवर लावतो. तसंच इथे. अमुक संशोधनसंघाने, म्हणजे एकत्र संशोधन करणाऱ्या कंपन्यांच्या गटाने, अमुक तारखेला अ‍ॅटर्नी जनरल आणि फेडरल ट्रेड कमिशन, दोघांकडे एकाच वेळी लेखी कळवलं आहे की आमच्यात या कंपन्या नव्याने आल्या, या बाहेर पडल्या. प्रत्येक नावापुढे गाव आणि देश. बाकी मजकूर सत्यनारायणाच्या कथेसारखा ठरलेला. सभासदत्व खुलं आहे, यापुढचे बदलही कळवू, मूळ अर्ज अमुक दिवशी केला होता, तो अमुक अंकात अमुक पानावर छापला होता. अध्याय तोच, फक्त यजमान बदलतो. फरक एवढाच की चावडीवरच्या नोटिशीला हरकत घेता येते. इथे हरकत कुणी मागवलेली नसते. वाचा आणि गप्प बसा.

मग कंपन्या हा उपद्व्याप करतात कशाला? उत्तर नोटिशीतच एका वाक्यात असतं आणि ते वाक्य मी पहिली दोन वर्षं न वाचता पुढे सरकवलं. अर्थ असा की, आमच्यावर स्पर्धा कायद्याखाली कुणी दावा लावला आणि जिंकला, तर ठरावीक परिस्थितीत त्याला प्रत्यक्ष नुकसानाइतकीच भरपाई मिळावी, म्हणून ही सूचना.

‘इतकीच’ या शब्दात सगळी ग्यानबाची मेख आहे. अमेरिकेत एरवी अशा दाव्यात भरपाई तिप्पट असते. कंपन्यांनी संगनमत करून तुमचं एक कोटीचं नुकसान केलं असं सिद्ध झालं की तीन कोटी द्यायचे, वर तुमच्या वकिलाचा खर्च. हा तिपटीचा धाक शंभर वर्षांहून जुना आहे. त्यामुळे एकाच धंद्यातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना एका टेबलाशी बसून साधा चहा प्यायचा म्हटलं तरी त्यांचे वकील दाराशी उभे. पण संशोधन एकट्याने करणं नेहमी परवडत नाही. तेव्हा कायदा म्हणतो, बसा, पण चावडीवर नाव लावून बसा. कोण कोण बसलात आणि कशासाठी, ते लेखी कळवा, आम्ही छापू. एवढं केलंत तर तिप्पट जाऊन एकपट राहील, त्यावर व्याज आणि वकिलाचा खर्च. शिवाय न्यायाधीश तुम्हाला पाहताक्षणी चोर ठरवणार नाही, फायदा-तोटा दोन्ही तोलून निकाल देईल.

म्हणजे सूट आहे, अभय नाही. किमती ठरवून घेतल्यात, बाजार वाटून घेतलात, संशोधनाला ज्याची गरजच नाही अशी विक्रीची आणि खर्चाची माहिती एकमेकांना दिलीत, तर हे छत्र डोक्यावर नाही. आणि छापलेली नोटीस म्हणजे सरकारची पसंतीही नाही. हे मी ठळक सांगते आहे, कारण एकदा साहेबांकडे कार्डं विकणारा एक विक्रेता आला होता. त्याने लॅपटॉपवर असली नोटीस दाखवली आणि म्हणाला, “आमची अलायन्स यूएस गव्हर्नमेंट अप्रूव्हड आहे.” साहेबांनी मला स्पीकरवर घेतलं. मी म्हटलं, “साहेब, माझं लग्नानंतरचं नाव महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापलंय. म्हणून शासनाने माझ्या नवऱ्याला मान्यता दिली असं होत नाही.” पलीकडे हसण्याचा आवाज आला. विक्रेता हसला नसावा.

इथे जरा थांबते, कारण हा धाक उगाच नव्हता हे सांगायला हवं. साहेबांचा सगळा धंदा गाड्यांचा, म्हणून त्यांना मी नेहमी धुराची गोष्ट सांगते. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसवर धुरक्याची चादर पसरायला लागली. गाड्यांतून निघणारा धूर कमी करणारी यंत्रं हवीत अशी मागणी आली. अमेरिकेतल्या मोठ्या मोटार कंपन्यांनी काय केलं, तर या विषयावर एकत्र संशोधन करू आणि पेटंटं एकमेकांना वापरू देऊ, असा करार केला. ऐकायला किती छान! जानेवारी १९६९मध्ये न्याय खात्याने त्यांच्या संघटनेवर आणि जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर, अमेरिकन मोटर्स या चौघांवर दावा लावला. आरोप असा की एकत्र संशोधनाच्या नावाखाली यांनी आपसातली शर्यतच बंद केली. कुणी पुढे जायचं नाही, म्हणजे कुणाला यंत्र बसवावंच लागणार नाही. खटला चालला नाही, त्याच वर्षी समझोत्याचा हुकूमनामा झाला, गुन्हा कुणी कबूल केला नाही. पण सगळ्यांनी मिळून काम करायचं ठरवणं आणि सगळ्यांनी मिळून काम न करायचं ठरवणं, ही दोन्ही बाहेरून एकसारखीच दिसतात, हे या प्रकरणाने दाखवलं. मी ग्रंथालयात असताना आमच्याकडे सहा विभागांची मिळून एक ‘समन्वय समिती’ होती. तिने काय काय न करायचं ठरवलं, याची मला पूर्ण कल्पना आहे.

पुढे वारं फिरलं ते जपानमुळे. तिथे सरकार आणि कंपन्या मिळून चिप आणि संगणकाचं संशोधन करत होत्या आणि अमेरिकेला धडकी भरली होती. १९८२मध्ये अमेरिकेतल्या संगणक आणि सेमीकंडक्टर कंपन्यांनी एकत्र येऊन एमसीसी नावाची संशोधन कंपनी काढली. प्रमुख म्हणून बसवले अ‍ॅडमिरल बॉबी रे इनमन, गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेले. पुढच्या वर्षी ठिकाण ठरलं टेक्ससमधलं ऑस्टिन. पण अँटीट्रस्टची तलवार डोक्यावर होतीच. ११ ऑक्टोबर १९८४ला अध्यक्ष रेगन यांनी सही केलेला हा नोटिसांचा कायदा त्यातूनच आला. तेव्हा फक्त संशोधनापुरता होता. १९९३च्या जूनमध्ये क्लिंटन यांच्या सहीने त्यात उत्पादनही आलं, आणि २००४मध्ये मानकं ठरवणाऱ्या संस्था. मधल्या काळात १९८७ला चौदा चिप कंपन्यांचं सेमाटेक निघालं, तेही ऑस्टिनलाच आणि सरकारचे वर्षाला दहा कोटी डॉलर घालून. त्याच्या प्रमुखपदी इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस आले. आपल्याकडे आज सेमीकंडक्टरच्या गप्पा चालतात तेव्हा मला या तारखा आठवतात, पण तो विषय वेगळा.

परत साइटकडे. वापरून वापरून लागलेल्या दोन-तीन खुब्या सांगते. संदर्भ ‘६६ एफआर १३९७१’ असा दिसला तर घाबरू नये. पहिला आकडा खंडाचा, शेवटचा पानाचा. खंडात १९३५ मिळवा, साल येतं. ६६ म्हणजे २००१. हे कळल्यावर मला लायब्ररीतलं जुनं कार्ड कॅटलॉग सापडल्यासारखा आनंद झाला होता. १९९४च्या आधीचं काही हवं असेल तर या साइटवर डोकं आपटू नये, त्यासाठी गव्हइन्फो ही सरकारचीच दुसरी साइट आहे, तिथे १९३६पासूनचे अंक पीडीएफमध्ये आहेत. आणि कुणाला पुरावा म्हणून द्यायचं असेल तर पीडीएफच द्यावा. फेडरल रजिस्टरच्या पानावर जो सुटसुटीत मजकूर दिसतो तो वाचायच्या सोयीसाठी आहे. कायद्याच्या दृष्टीने खरा तो पीडीएफ, तीन स्तंभांत छापलेला, चष्म्याचा नंबर वाढवणारा. साइट हे स्वतःच सांगते आणि पीडीएफचा दुवाही शेजारी ठेवते. इतका प्रामाणिकपणा मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

या नोटिसांत माणूस रमू शकतो हेही सांगते. एक दिवस पेट्रोलियम कंपन्यांचा पर्यावरण संशोधन मंच, दुसऱ्या दिवशी औषध कंपन्यांची पिस्टोया अलायन्स, तिसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचा एखादा गट, मग शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा आयएमएस ग्लोबल (२०२२पासून नाव वनएडटेक), मग अमेरिकी सैन्याशी निगडित दारूगोळ्याचा संघ, ज्याच्या यादीत कधी गल्लीतलं वाटावं असं छोटं वर्कशॉपही असतं. दूरसंचारवाल्यांच्या टीएम फोरमची यादी तर लग्नाच्या याद्यांनाही लाजवेल. तिथे कधी ‘पुणे, इंडिया’ दिसलं की मी उगाचच जरा ताठ बसते. कोणत्या धंद्यात कोण कुणाबरोबर बसायला लागलंय याचा वास सर्वांत आधी मला इथे लागतो. प्रसिद्धिपत्रकात आम्ही ‘उत्साहित’ आहोत एवढंच कळतं. इथे नाव, गाव, तारीख.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली, उशीर. कायद्यात लिहिलंय की बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचं आणि सरकारने अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत छापायचं. आता प्रत्यक्षातल्या तारखा पाहा. पेट्रोलियम मंचाने १० फेब्रुवारी १९८६ला पहिला अर्ज केला, १४ मार्चला छापून आला. ३२ दिवस, ठीक आहे. टीएम फोरमचा २१ ऑक्टोबर १९८८चा अर्ज ८ डिसेंबरला आला, ४८ दिवस. पीएक्सआय सिस्टिम्स अलायन्सचा, म्हणजे आमच्या साहेबांच्या जिव्हाळ्याचा, २२ नोव्हेंबर २०००चा अर्ज ८ मार्च २००१ला, १०६ दिवस. आयएमएस ग्लोबलचा ७ एप्रिल २०००चा १३ सप्टेंबरला, १५९ दिवस. कळवायला ९० आणि छापायला असे १००, तर बातमी हातात येईपर्यंत मूल रांगायला लागतं. हे आकडे त्याच नोटिशींच्या तळाशी दर वेळी इमानेइतबारे छापलेले असतात. सरकार स्वतःचा उशीर स्वतःच वर्षानुवर्षं छापतंय, याला काय म्हणावं!

त्यात त्यांची टाळेबंदी. संसदेत पैशांवरून अडलं की सरकारी खाती बंद होतात आणि राजपत्रात जीव आणि मालमत्ता वाचवण्यापुरतेच कागद छापतात. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९मध्ये असे ३५ दिवस गेले, २०२५मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३. ओघ एकदम आटतो. साहेब रोज फोन करत होते, मी रोज “त्यांच्याकडे बंद आहे” सांगत होते. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, “ताई, एवढे दिवस तर आपल्याकडे एसटीचा संपही...” आणि मध्येच थांबले, कारण आपल्याकडचा एसटीचा संप दोघांनाही आठवला.

दुसरी तक्रार खरी मोठी. नोटिशीत फक्त बदल असतो, पूर्ण यादी नसते. आज त्या संघात कोण कोण आहे हे पाहायचं तर मूळ नोटिशीपासून आजवरची प्रत्येक बेरीज-वजाबाकी आपण करायची. म्हणजे फेरफाराची वही आहे, पण सातबारा मिळत नाही. मी एक्सेलमध्ये स्वतःचा सातबारा ठेवते. आणि त्यातच मी एकदा सपशेल तोंडावर आपटले.

साहेब ज्यांची कार्डं घेत त्या परदेशी कंपनीचं नाव एका नोटिशीत ‘बाहेर पडले’ या ओळीत दिसलं. मी लगेच फोन केला. साहेबांनी ऑर्डर थांबवली, दुसऱ्याचं कोटेशन मागवलं, कार्डाचा नमुना बदलायचा तर सॉफ्टवेअर कसं बदलेल यावर त्यांच्या पोराने दोन रविवार घालवले. तीन आठवड्यांनी मला रात्री अकराला काहीतरी खुपलं म्हणून मी तीच नोटीस पुन्हा उघडली. ‘नव्याने आले’ या ओळीत, चार नावं वर, एक अनोळखी कंपनी होती. गाव तेच, देश तोच. कंपनी विकली गेली होती. जुनं नाव उतरलं होतं, नवं चढलं होतं. कारखाना तोच, कार्डं तीच, बहुधा दारावरचा वॉचमनही तोच.

कधीकधी नोटिशीत ‘अमुकने नाव बदलून तमुक केलं’ असं सरळ लिहिलेलं असतं. तेव्हा नव्हतं. पण मी, जिने स्वतः राजपत्राची ती प्रत लॅमिनेट करून एका बँकेच्या काउंटरवर चार वेळा दाखवली की जुनी कुलकर्णीण आणि नवी मी एकच, त्या मीच हे ओळखू नये! साहेबांना सकाळी फोन केला. ते एवढंच म्हणाले, “बरं झालं ताई, पोरगा सॉफ्टवेअर तरी शिकला.” त्या महिन्याचं बिल मी पाठवलं नाही. त्यांनी न मागता पाठवून दिलं, पाचशे रुपये कापून. पाचशे का, ते अजून विचारलेलं नाही.

तेव्हापासून माझ्या एक्सेलमध्ये गावाचा वेगळा रकाना आहे, आणि आलेले-गेलेले आधी गावावरून लावून पाहते. ही वाचणाऱ्याने करायची गोष्ट आहे हे मान्य, पण साइटला हे येऊ नये का? बाकी शोध एवढा सुंदर आहे.

तिसरी तक्रार मी तक्रार धरत नाही, पण नवख्याला बोचेल. संघ नेमकं काय संशोधन करतोय, पैसा किती, कुणाचा किती वाटा, यातलं इथे काहीही नाही. मूळ नोटिशीत कामाचं सर्वसाधारण वर्णन असतं, तेही हातचं राखून, आणि छापण्याआधी मजकूर संबंधितांना दाखवावा लागतो. गुपितं इथे शोधू नयेत. कोण कुणाच्या ओसरीवर बसलंय एवढं दिसतं. आत काय शिजतंय ते दिसत नाही.

आपल्याकडे असं काही आहे का, असं एका मैत्रिणीने विचारलं. आपल्या २००२च्या स्पर्धा कायद्यात संयुक्त उपक्रमाने कार्यक्षमता वाढत असेल तर सवलत आहे, कलम तीनमध्ये. पण ती सवलत मागायची वेळ येते ती प्रकरण अंगाशी आल्यावर. आधीच नाव लावून ठेवायची चावडी नाही. पिंपरी-चिंचवडच्या दहा कारखानदारांनी मिळून उद्या एखादी टेस्ट लॅब काढायची ठरवली, तर त्यांना असली वही फार उपयोगाची होईल असं मला वाटतं. साहेबांना वाटत नाही. ते म्हणतात, दहा कारखानदार एका टेबलाशी आले तर आधी बिल कोण देणार यावरच फुटतील.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या नसलेल्या सातबाऱ्यासाठी कापला. उशिराचा अर्धा कापणार होते, पण फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि नऊ वर्षांत एकदाही ‘आमचं अ‍ॅप डाउनलोड करा’ म्हणालेली नाही, म्हणून तो परत दिला.

परवा पुन्हा पीएक्सआयची नोटीस होती. साहेबांच्या कामाचं काही नव्हतं, तरी मी त्यांना मराठीत वाचून दाखवली. ‘सभासदत्व खुलं आहे’ या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं. हे वाक्य मी त्यांना यापूर्वी निदान तीसदा वाचून दाखवलं असेल.

“खुलं म्हणजे कुणालाही?”

“अटी असतील. वर्गणी असेल. ते नोटिशीत नसतं, त्यांनाच विचारावं लागेल.”

“विचारा की मग.” थोडा वेळ लेथचा आवाज ऐकू येत राहिला. “आणि झालंच तर गावाचं नाव काय छापतात?”

“पुणे, इंडिया.”

“भोसरी लिहा म्हणावं.”

पत्राचा मसुदा तयार आहे. गावाच्या जागी काय लिहायचं, ते त्यांनी सांगितलंच आहे.